हायड्रोजनवर चालणारीं वाहनें : सोय किती व धोका किती ?

जळल्यावर ज्याचा धूर होत नाहीं, केवळ पाण्याची वाफ होते, अशा हायड्रोजन वायूवर मोटारी, मालमोटारी व पुढेंमागें ट्रॅक्टरहि चालतील, असें अलीकडे वर्तमानपत्रांतून व भाषणांतून शेतकऱ्यांच्या कानांवर वरचेवर येत आहे. ही नुसती आवई नव्हे. ता. ४ जानेवारी २०२३ रोजीं केंद्र सरकारनें राष्ट्रीय हरित हायड्रोजन मोहिमेस १९,७४४ कोटि रुपयांची मंजुरी दिली. त्याच वर्षीं महाराष्ट्र सरकारनेंहि आपलें हायड्रोजनविषयक धोरण ठरविलें. मार्च २०२५ मध्यें हायड्रोजनवरील १६ मालमोटारींची रस्त्यावरील चांचणी सुरू झाली, व तिच्यासाठीं निवडलेल्या मार्गांत मुंबई व पुणें या शहरांच्या परिसरांतील रस्तेहि आहेत.

यामुळें आमच्या शेतकरी बंधूंच्या मनांत दोन प्रश्न उभे राहणें साहजिक आहे. जुना ट्रॅक्टर मोडकळीस आला असतां नवा डिझेलचाच घ्यावा, कीं कांहीं वर्षें कळ काढून हायड्रोजनच्या ट्रॅक्टरची वाट पहावी, हा पहिला प्रश्न. आणि इतका ज्वालाग्राही वायु गोठ्याशेजारच्या छपराखालीं, कडब्याच्या गंजीजवळ ठेवणें म्हणजे घरांत सुरुंग ठेवण्यासारखें तर नाहीं ना, हा दुसरा. या दोन्ही प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे. आमचें मत आरंभींच सांगून ठेवतों: धोका आहे, पण तो शिस्तीनें आटोक्यांत ठेवतां येण्याजोगा आहे, खरी अडचण धोक्यांत नसून जमाखर्चांत आहे.

हायड्रोजन म्हणजे काय ?

ज्यास आपल्या जुन्या शास्त्रीय पुस्तकांतून उज्जवायु म्हणत, तोच हा हायड्रोजन. इ. स. १७६६ मध्यें कॅव्हेंडिश या इंग्रज शास्त्रज्ञानें तो स्वतंत्र वायु म्हणून ओळखला. सर्व पदार्थांत तो हलका असून हवेच्या मानानें सुमारें चौदापट हलका आहे. त्यास रंग नाहीं, वास नाहीं, रुचि नाहीं. पाण्याच्या वजनाचा नववा हिस्सा हायड्रोजनचा असतो, म्हणून तो अमाप आहे असें म्हणतात, व तें खरेंहि आहे. परंतु पाण्यांतील हायड्रोजन हा प्राणवायूशीं घट्ट जखडलेला असतो. त्यास सोडविण्यास जी शक्ति खर्चावी लागते, ती तो पुन्हां जळतांना मिळणाऱ्या शक्तीहून कधींच कमी नसते. व्यवहारांत तर ती बरीच जास्त असते.

ही गोष्ट वाचकांनीं पक्की ध्यानांत ठेवावी. दगडी कोळसा किंवा खनिज तेल हें निसर्गानें तयार करून ठेवलेलें पीक आहे. आपण तें फक्त काढून आणतों. हायड्रोजन हें पीक नव्हे, ती कणगी आहे. दुसरीकडून आणलेली शक्ति तिच्यांत भरावयाची व लागेल तेव्हां काढावयाची. अशा कणगीविषयीं शेतकरी जे दोन प्रश्न विचारील तेच येथें विचारावयाचे: तींत भरलेल्यांतून परत किती मिळतें, आणि ती ठेवण्यास जागा किती लागते ?

तो तयार कसा होतो ?

आज जगांत तयार होणारा बहुतेक सर्व हायड्रोजन नैसर्गिक वायु व दगडी कोळसा यांपासून काढतात. नैसर्गिक वायूवर तप्त वाफेची क्रिया केली म्हणजे हायड्रोजन सुटा होतो, परंतु दर किलो हायड्रोजनमागें सुमारें नऊ ते दहा किलो कार्बन डायऑक्साइड वायु हवेंत जातो. अशा हायड्रोजनवर गाडी चालविली तर गाडीच्या मागें धूर दिसत नाहीं, इतकेंच. तो कारखान्याच्या धुराड्यांतून आधींच निघून गेलेला असतो.

दुसरी रीत पाण्यांतून विजेचा प्रवाह सोडून त्याचे दोन घटक वेगळे करण्याची. ही वीज सूर्यप्रकाशापासून अगर वाऱ्यापासून घेतलेली असेल तर त्या हायड्रोजनास 'हरित' म्हणतात. एक किलो हायड्रोजन मिळविण्यास शास्त्राप्रमाणें नऊ लिटर शुद्ध पाणी लागतें. पाणी शुद्ध करतांना वायां जाणारें धरल्यास त्याहून अधिक. वीज मात्र पन्नास ते पंचावन्न युनिटें लागते, आणि तयार झालेल्या एक किलो हायड्रोजनमध्यें सुमारें ३३ युनिटांइतकी उपयुक्त शक्ति उरते. म्हणजे कणगींत धान्य भरतांनाच शंभर पायलींतून पस्तीस-चाळीस पायली सांडतात.

येथें एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. हायड्रोजन हा शेतकऱ्यास नवा नाहीं. अलिबागेजवळ थळ येथें युरिया होतो, तेथें नैसर्गिक वायूपासून आधीं हायड्रोजन काढतात, त्याचा हवेंतील नत्राशीं संयोग करून अमोनिया करतात, व अमोनियापासून युरिया. रासायनिक हिशेब केला तर युरियाच्या ४५ किलोंच्या एका गोणीमागें सुमारें साडेचार किलो हायड्रोजन खर्चीं पडतो. हायड्रोजनवर चालणाऱ्या टोयोटा मिराई या जपानी मोटारीच्या नव्या नमुन्याच्या टाक्यांत एका वेळीं ५.६ किलो मावतो. म्हणजे शेतकरी खताची एक गोणी बांधावर टाकतो, तेव्हां त्या मोटारीची पाऊण टाकीहून अधिक हायड्रोजन तो जमिनींत घालीत असतो. पंजाबांत नांगल येथील खताच्या कारखान्यांत तर १९६१ पासून धरणाच्या विजेनें पाण्यापासूनच हायड्रोजन काढीत असत. या गोष्टीकडे आम्ही शेवटीं पुन्हां येणार आहों.

गाडी कशी चालते ?

हायड्रोजनवर गाडी चालविण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला, पेट्रोलप्रमाणें तो इंजिनांतच जाळणें. स्वित्झर्लंडच्या द रिवाझ या गृहस्थानें १८०७ सालींच असें इंजिन रचिलें होतें. यांत धूर होत नाहीं, तथापि अति उष्णतेमुळें हवेंतील नत्राचे कांहीं अपायकारक वायु तयार होतात. दुसरा मार्ग इंधनघटाचा. यांत हायड्रोजन जाळीत नाहींत. घटाच्या एका बाजूनें हायड्रोजन व दुसऱ्या बाजूनें हवा सोडली असतां त्यांच्या संयोगानें सरळ वीज निर्माण होते व तिच्यावर मोटर फिरते. याचें मूळ तत्त्व ग्रोव्ह यानें १८३९ मध्यें दाखविलें. इंजिनापेक्षां इंधनघटांत शक्तीचा अपव्यय कमी होतो, परंतु तो महाग असून त्यास अत्यंत शुद्ध हायड्रोजन लागतो.

इंधनघटावर चाललेल्या वाहनांत अगदीं आरंभींचें एक वाहन ट्रॅक्टर होतें, हें वाचकांस ठाऊक नसेल. अमेरिकेंतील ॲलिस-चामर्स कंपनीनें १९५९ मध्यें विस्कॉन्सिन संस्थानांत १,००८ घट बसविलेला, सुमारें वीस अश्वशक्तीचा ट्रॅक्टर तयार करून लसूणघासाचें शेत नांगरून दाखविलें. त्यांत इंधन म्हणून निव्वळ हायड्रोजन नसून मुख्यतः प्रोपेन असलेलें वायूंचें मिश्रण होतें. पुढें २००९ मध्यें न्यू हॉलंड कंपनीनें शुद्ध हायड्रोजनच्या इंधनघटाचा १०६ अश्वशक्तीचा ट्रॅक्टर प्रसिद्धीस आणला व इटलींत टुरीन शहराजवळच्या एका शेतावर असे ट्रॅक्टर वापरून पाहिले. म्हणजे नांगर ओढण्याचें सामर्थ्य यांत नाहीं असें नव्हे. मग पहिलें शेत नांगरून इतकीं वर्षें लोटलीं तरी असा ट्रॅक्टर बाजारांत सर्रास कां मिळत नाहीं ? याचें उत्तर पुढील हिशेबांत आहे.

एका दिवसाच्या नांगरटीचा हिशेब

मध्यम आकाराचा, पंचेचाळीस-पन्नास अश्वशक्तीचा ट्रॅक्टर जड कामास तासाला पांच लिटर डिझेल खातो असें धरूं. आठ तासांस ४० लिटर झालें. डिझेलच्या एका लिटरांत सुमारें दहा युनिटांइतकी उष्णता असते. म्हणजे एकूण ४०० युनिटें. पैकीं इंजिनाच्या दांड्यावर शेंकडा ३० च्या मानानें १२० युनिटें कामास येतात, बाकीची उष्णता होऊन जातात. तेंच १२० युनिटांचें काम तीन रीतींनीं करून पाहूं.

पहिली रीत, हायड्रोजन इंजिनांत जाळून. इंजिन डिझेलइतकेंच काटकसरी धरलें तरी १२ किलो हायड्रोजन लागेल. तो तयार करून टाकींत दाबून भरण्यास दर किलोस ५६ युनिटें धरल्यास जवळजवळ ६७० युनिटें वीज खर्च होईल. दुसरी रीत, इंधनघटाची. घटाचा व मोटरीचा अपव्यय वजा जातां सुमारें ८ किलो हायड्रोजन, म्हणजे ४५० युनिटें वीज. तिसरी रीत, तीच वीज सरळ बॅटरींत भरून वापरण्याची. यांत १५० युनिटें पुरतात. विजेचा दर आठ रुपये व डिझेलचा नव्वद रुपये धरला, तर डिझेलचा खर्च ३,६०० रुपये, इंधनघटाच्या रीतींत नुसत्या विजेचा खर्चहि ३,६०० रुपये, व बॅटरीचा १,२०० रुपये येतो. हायड्रोजनच्या खर्चांत तो काढण्याचें यंत्र, दाबयंत्र, टाक्या व खुद्द इंधनघट यांची किंमत अद्याप मिळविलेलीच नाहीं. वाचकांनीं आपल्या गांवचे दर घालून हा हिशेब स्वतः करून पहावा. आंकडे कमीजास्त होतील, त्यांचा अनुक्रम बहुधा बदलणार नाहीं.

आतां जागेचा प्रश्न. वजनाच्या मानानें हायड्रोजन अत्यंत शक्तिमान आहे. एक किलोंत जवळजवळ तीन किलो पेट्रोलइतकी शक्ति असते. परंतु तो इतका विरळ आहे कीं दाबल्याशिवाय वाहनांत नेतांच येत नाहीं. हवेच्या दाबाच्या ३५० पट दाबला तरी एका लिटरांत केवळ २४ ग्रॅमच्या आसपास मावतो. म्हणून वरील आठ किलोंस ३३० लिटरांच्या, व बारा किलोंस ५०० लिटरांच्या टाक्या लागतात. डिझेलला ४० लिटरांची पुरते. मोटारींत ७०० पट दाब देतात, तेव्हां जागा कमी लागते पण खर्च वाढतो. द्रवरूप करावा म्हटलें तर त्यास शून्याखालीं २५३ अंशांपर्यंत थंड करावें लागतें, आणि ठेवला असतां तो थोडाथोडा उडून जातच असतो. हंगाम संपल्यावर महिनोन्‌महिने उभ्या राहणाऱ्या ट्रॅक्टरास हें परवडणारें नाहीं.

बॅटरीची बाजू निर्दोष आहे असें मात्र आम्ही म्हणत नाहीं. दीडशें युनिटांची बॅटरी सुमारें एक टन वजनाची होईल, व ती भरण्यास तास-तास लागतील. हायड्रोजन थोड्या मिनिटांत भरतां येतो. हा त्याचा मोठा गुण आहे. यास्तव लहान गाड्यांस व जवळच्या फेऱ्यांस बॅटरी, आणि दिवसरात्र लांब पल्ल्यावर अवजड माल ओढणाऱ्या वाहनांस कदाचित् हायड्रोजन, अशी वांटणी पुष्कळ तज्ज्ञ करतात.

धोका कोणता व कितपत ?

हायड्रोजनचे दोष प्रथम सांगतों. हवेंत त्याचें प्रमाण शेंकडा ४ पासून ७५ पर्यंत कितीहि असलें तरी तें मिश्रण पेट घेतें. पेट्रोलच्या वाफेची मर्यादा सुमारें दीड ते साडेसात इतकीच आहे. त्यास पेटण्यास लागणारी ठिणगी पेट्रोलला लागणाऱ्या ठिणगीच्या दहाव्या हिश्शाइतकीहि पुरते. लोकरीचें वस्त्र काढतांना चटचट होतें तेवढी ठिणगीहि त्यास पुष्कळ झाली. त्याची ज्वाला उन्हांत जवळजवळ दिसत नाहीं. घरगुती गॅसमध्यें गळती कळावी म्हणून उग्र वासाचें द्रव्य मिसळतात. तें येथें मिसळतां येत नाहीं, कारण त्यानें इंधनघट बिघडतो. शिवाय कांहीं जातींच्या पोलादांत हा वायु शिरून त्यांस ठिसूळ करतो.

आतां गुण. घरगुती गॅस हवेपेक्षां जड असल्यामुळें गळला म्हणजे जमिनीलगत पसरून खोलींत दबा धरून बसतो. पेट्रोल सांडलें तर त्याचें डबकें होऊन गाडीखालीं जळत राहतें. हायड्रोजन मात्र सुटतांच वर उडून जातो. अमेरिकेंत मायामी विद्यापीठांत २००१ मध्यें एक पेट्रोलची व एक हायड्रोजनची अशा दोन मोटारींस मुद्दाम गळती करून आग लावून पाहिली. हायड्रोजनची ज्वाला उभ्या झोतासारखी वर जाऊन थोड्याच वेळांत विझली व मोटारीचा आंतील भाग शाबूत राहिला. पेट्रोलची मोटार मात्र जळून खाक झाली.

हायड्रोजन म्हटलें कीं 'हिंडेनबुर्ग' या जर्मन विमाननौकेची आठवण निघते. ता. ६ मे १९३७ रोजीं अमेरिकेंत लेकहर्स्ट येथें उतरतांना ती पेटली. नौकेंतील ९७ पैकीं ३५ व जमिनीवरील एक, असे ३६ इसम प्राणांस मुकले. परंतु त्या नौकेंत सुमारें दोन लक्ष घनमीटर हायड्रोजन पातळ पिशव्यांत भरलेला होता, व सभोंवतीं रंगरोगण दिलेलें कापड होतें. आजच्या वाहनांत पांच-सहा किलो वायु कार्बन फायबरचें जाड वेष्टण दिलेल्या टाकींत असतो. ही टाकी नेहमींच्या दाबाच्या दुपटीहून अधिक दाब सोसल्याखेरीज पसंत करीत नाहींत. आगीची झळ लागून ती सुमारें ११० अंशांपर्यंत तापली कीं तिची झडप आपोआप उघडून वायु बाहेर सोडते, म्हणजे टाकी फुटण्याचें टळतें. तेव्हां हिंडेनबुर्गचा दाखला येथें लागू पडत नाहीं.

तथापि अलीकडील दोन अपघात खरे शिकविणारे आहेत. ता. २३ मे २०१९ रोजीं दक्षिण कोरियांत गांगनुंग येथें पाण्यापासून हायड्रोजन काढण्याचे प्रयोग चालले असतां हायड्रोजनच्या टाकींत प्राणवायु मिसळला जाऊन स्फोट झाला. त्यांत दोन माणसें मेलीं व सहा जखमी झालीं. त्यानंतर तीन आठवड्यांच्या आंतच, १० जून रोजीं, नॉर्वेमध्यें ऑस्लोजवळ सान्विका येथील हायड्रोजन भरण्याच्या पंपावर स्फोट झाला. चौकशींत असें निघालें कीं साठ्याच्या टाकीच्या बुचाचे बोल्ट नीट आवळलेले नव्हते. सुदैवानें प्राणहानि झाली नाहीं. या दोन्ही प्रसंगीं चालत्या गाडीनें दगा दिला नाहीं; दगा दिला तो साठवणीनें व कामांतील हयगयीनें.

यावरून शेतकऱ्यानें घ्यावयाचा धडा असा. हायड्रोजनचें वाहन उघड्यावर किंवा वरून हवा खेळती असलेल्या छपराखालींच ठेवावें. वर उडणारा वायु पत्र्याच्या बंद आढ्याखालीं कोंडला गेला तर त्याचा गुणच दोष होतो. गळती ओळखणारें यंत्र बसविल्याशिवाय तें बंद जागेंत नेऊं नये. त्याच्या नळीस, झडपेस वा टाकीस गांवच्या कारागिराचा हात लागूं देऊं नये. डिझेलच्या ट्रॅक्टरास तारेनें बांधून चालविण्याची आपली संवय आहे. ३५० पट दाबाच्या नळीशीं ती संवय प्राणघातक ठरेल. आणि पाण्यापासून घरच्या घरीं हायड्रोजन काढण्याचा प्रयोग कदापि करूं नये.

'पाण्यावर चालणारी गाडी'

याच संदर्भांत एका फसवणुकीविषयीं सावध करणें आमचें कर्तव्य आहे. गाडीच्या बॅटरीवर पाण्याचे घटक वेगळे करून तो वायु इंजिनांत सोडणारीं उपकरणें विकावयास येतात, व त्यायोगें डिझेल निम्म्यानें वांचतें किंवा गाडी नुसत्या पाण्यावर चालते असें सांगतात. पाणी हें जळून झालेल्या हायड्रोजनची राख आहे. राखेंतून पुन्हां सर्पण करावयाचें तर आधीं तितकेंच सर्पण जाळावें लागतें. गाडीची बॅटरी शेवटीं त्याच डिझेलवर भरते, हें विसरूं नये. अमेरिकेंत ओहायो संस्थानांत स्टॅन्ली मेयर नांवाच्या इसमानें पाण्यावर चालणाऱ्या गाडीच्या नांवाखालीं लोकांचे पैसे घेतले. १९९६ मध्यें न्यायालयानें ती उघड लबाडी ठरवून पैसे परत करावयास लाविलें.

इतरांचा अनुभव

पुण्यास राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या साहाय्यानें तयार झालेली इंधनघटाची बस ऑगस्ट २०२२ मध्यें लोकांपुढें आली, ही अभिमानाची गोष्ट आहे. परंतु ज्यांनीं प्रत्यक्ष वापर करून पाहिला त्यांचा अनुभवहि पाहिला पाहिजे. फ्रान्समधील मोंपेलिए शहरानें ५१ हायड्रोजन बसगाड्या घेण्याचें ठरविलें होतें. दर किलोमीटरास बॅटरीच्या गाडीच्या सहापट खर्च येतो असें दिसून आल्यावर जानेवारी २०२२ मध्यें तो बेत सोडून दिला. जर्मनींत लोअर सॅक्सनी प्रांतानें २०२२ मध्यें हायड्रोजनच्या आगगाड्या सुरू केल्या. पुढच्याच वर्षीं नवीन गाड्या बॅटरीच्या घ्याव्या असें ठरविलें. अमेरिकेंत कॅलिफोर्नियामध्यें शेल कंपनीनें मोटारींस हायड्रोजन पुरविणारे आपले पंप २०२४ मध्यें बंद केले, तेव्हां तेथें अशा मोटारी घेऊन बसलेल्या लोकांस दूरदूरचे पंप शोधीत फिरणें भाग पडलें. वाहन कितीहि उत्तम असो, इंधन मिळण्याचें ठिकाण दुसऱ्याच्या हातीं असलें म्हणजे काय होतें, हें यावरून दिसतें.

शेतकऱ्यानें काय करावें ?

ज्यास ट्रॅक्टरची गरज आहे त्यानें हायड्रोजनच्या आशेनें खरेदी पुढें ढकलूं नये. आपल्या खेड्यापाड्यांत हायड्रोजनचे पंप होण्यास व ट्रॅक्टर परवडण्यास अद्याप पुष्कळ अवकाश आहे, असेंच वरील हिशेबावरून म्हणावें लागतें.

शेतकऱ्याचा हायड्रोजनशीं खरा संबंध वाहनांतून न येतां दोन अन्य वाटांनीं येईल. पहिली वाट खताची. ज्या कामीं हायड्रोजनखेरीज दुसरा उपायच नाहीं, असें काम म्हणजे अमोनिया. परदेशांतून येणाऱ्या नैसर्गिक वायूच्या भावाबरोबर युरियाचा खर्च वरखालीं होतो. तेथें हरित हायड्रोजन कामास आला तर तो सत्कारणीं लागेल. दुसरी वाट जमिनीची. रोज एक टन हायड्रोजन काढणाऱ्या कारखान्यास दहा-बारा हजार लिटरांहून थोडें अधिक पाणी लागेल. एका एकरास दोन इंच पाणी दिलें तर दोन लक्ष लिटर होतें, हें पाहतां पाण्याची ही गरज तितकी भयंकर नाहीं. मात्र त्यास रोज सुमारें ५५,००० युनिटें वीज लागेल, व ती सूर्यप्रकाशापासून घ्यावयाची तर पन्नासहून अधिक एकर जमीन तावदानांखालीं जाईल.

यास्तव कोणी हरित हायड्रोजनच्या नांवानें जमीन भाड्यानें मागावयास आला, तर शेतकऱ्यानें विचारावें: करार किती वर्षांचा, भाडें दरसाल किती वाढणार, विहिरीचें पाणी कोणाचें, कारखाना बंद पडल्यास खांब व तावदानें उपटून जमीन पूर्ववत् कोण करून देणार, आणि हें सर्व लेखी आहे काय ? नवें इंधन येवो अगर न येवो, जमीन आपलीच राहिली पाहिजे, हें ध्यानांत ठेवूनच सही करावी, अशी आमची आग्रहाची सूचना आहे.